रिकामे घर आणि शून्य

पर्जन्यमापकात पावसाचा थेंबही पडला नाही, तर वहीत शून्य लिहावे. परंतु नोंद घेणारा मनुष्य त्या दिवशी गेलाच नाही, तर ती जागा रिकामी ठेवावी. शून्य हे उत्तर होय; रिकामी जागा हा उत्तराचा अभाव होय. संगणक या अभावास ‘नल’ म्हणतो. हा दमयंतीचा नल नव्हे. परंतु तोही वेषांतर करून राहतो, म्हणून त्यास ओळखणे अगत्याचे आहे.

हल्ली विद्यार्थी पावसाचे व पिकांचे गणिती नमुने संगणकावर मांडतात. असा नमुना एका चौकटीवर उभा असतो. चौकटीत तालुका, जिल्हा, दिनांक, पाऊस अशी घरे आधीच आखलेली असतात. माहितीची फाईल आत घेतली म्हणजे यंत्र तिच्यातील नावे घरांच्या नावांशी ताडून पाहते व जुळेल ते भरते. न जुळल्यास पुष्कळदा ते तक्रारही न करता घर रिकामे ठेवून पुढे जाते. फाईलीत आकडा, आणि पडद्यावर मात्र नल! असे का व्हावे?

आपल्याच गावाचे उदाहरण घेऊ. ‘अचलपूर’ आणि ‘अचलपुर’ ही डोळ्यांस एकच. यंत्रास दोन निरनिराळी गावे. इंग्रजी अमदानीच्या कागदांत हेच गाव ‘एलिचपूर’ म्हणून आढळते. त्या नावाचा जिल्हाही होता. १९०५ साली तो अमरावती जिल्ह्यात सामील झाला. आता तालुक्यांची एक फाईल व जिल्ह्यांची दुसरी आहे असे समजा. पहिलीत ‘जिल्हा एलिचपूर’ असे लिहिले आहे, पण दुसरीत आजचेच जिल्हे आहेत. यंत्र शोधते, सापडत नाही, आणि नल ठेवते. दुसरी फाईल आत घेण्याचेच राहिले, तरी फळ हेच.

याहून सूक्ष्म कारणेही असतात. नावाच्या शेवटी न दिसणारी मोकळी जागा असते. फाईलीच्या आरंभी एक अदृश्य चिन्ह असते व ते पहिल्या स्तंभाच्या नावास चिकटते. कित्येक साधने ‘एनए’ ही अक्षरे ‘माहिती नाही’ या अर्थाने वाचतात. त्यामुळे नामिबिया देशाचे ‘एनए’ हे संक्षिप्त नाव कोष्टकातून नाहीसे होते.

मग शोध कसा करावा? प्रथम मूळ फाईल साध्या अक्षरांत उघडून पाहावी. आकडा तेथेच नसेल, तर दोष यंत्राचा नव्हे. असेल, तर एकच ओळ वेगळी काढून तेवढीच आत घ्यावी. स्तंभाचे नाव अक्षरशः ताडावे. नंतर ती ओळ ज्या दुसऱ्या फाईलीकडे बोट दाखवते, ती आत आली आहे काय हे पाहावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या तर गुण कशाने आला हे कळत नाही.

कधी रिकामे घरच खरे असते. वाशीम जिल्हा १९०५ साली मोडला व १९९८ साली पुन्हा झाला. मधल्या वर्षांत त्याच्या नावापुढे जागा मोकळी राहिली, तर ते सत्यच होय.

कंटाळून नलाच्या जागी शून्य भरण्याचा मोह मात्र टाळावा. जून महिन्याच्या ३० दिवसांपैकी २५ दिवसांची नोंद आहे व त्यांत १५० मिलिमीटर पाऊस झाला, तर नोंदीच्या दिवसांची सरासरी ६ मिलिमीटर येते. उरलेल्या ५ दिवसांस शून्य दिले की ती ५ होते. न पाहिलेले दिवस आपण कोरडे ठरविले! आपल्याकडील संत्र्याच्या हवामानावर आधारित विम्यात भरपाई पावसाच्या व तापमानाच्या नोंदींवरून ठरते. तेथे खोटे शून्य म्हणजे कोणास तरी अन्याय.

म्हणून विद्यार्थ्यांनो, रिकामे घर दिसताच ते भरू नका. ते का रिकामे राहिले, हे आधी विचारा. नोंद झाली नाही, यंत्रास सापडली नाही, की मुळी ती वस्तूच नव्हती? या तिन्हींचे उत्तर मिळाले, म्हणजे पुढचे गणित विश्वासाने करता येईल.