वेदनेचा बंदोबस्त

माझ्या थोरल्या बहिणीचा, आम्हां साऱ्यांच्या अक्काचा, स्तनाचा कर्करोग पाठीच्या कण्यात उतरल्याचे निष्पन्न झाले, तेव्हा ज्या नामांकित इस्पितळात तिच्यावर उपचार चालले होते तेथील तज्ज्ञांनी "आता करण्यासारखं काही नाही, घरी न्या," एवढे सांगून कागदपत्रे आमच्या हवाली केली. रोग बरा होण्याजोगा नव्हता, हे खरे. परंतु वेदना आवरण्याजोगी होती, आणि ही गोष्ट त्या दालनात कोणी उच्चारली नाही.

सातारा जिल्ह्यातील आमच्या गावी अक्का कूस बदलतानाही विव्हळे, रात्री भिंतीला टेकून काढी, आणि तालुक्याच्या दुकानांत मॉर्फिनचे नाव काढताच औषधविक्रेता कानांवर हात ठेवी. दोष एकट्या त्याचा नव्हता. १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा आणि त्याखालील राज्याराज्यांचे नियम यांनी परवान्यांचे असे जाळे विणले की, ज्या देशात सरकारी देखरेखीखाली अफू पिकते आणि गाजीपूर व नीमच येथे तिच्यावर प्रक्रिया करणारे सरकारी कारखाने चालतात, त्याच देशातील रुग्ण मॉर्फिनवाचून तळमळत राहिले. २०१४ च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांचा मार्ग पुष्कळ सुकर केला. तथापि आपल्या जिल्ह्यात अशी संस्था कोणती, याची चौकशी आधीच करून ठेवावी लागते.

एका परिचारिकेच्या सांगण्यावरून आम्ही पुण्याच्या एका पॅलिएटिव्ह केअर केंद्रात, म्हणजे उपशामक शुश्रूषेच्या ठिकाणी गेलो. तेथील डॉक्टरीणबाईंनी तोंडाने घ्यावयाचे मॉर्फिन दिले, ते दुखो वा न दुखो दर चार तासांनी, घड्याळाबरहुकूम. मध्येच कळ उठली तर द्यावयाची जादा मात्रा लिहून दिली. या औषधाने मलावरोध होतोच, म्हणून पहिल्या दिवसापासून रेचक दिले. आणि कण्याच्या दुखऱ्या भागावर एकच वेळ किरणोपचार करविले. भाच्याने भीतभीत विचारले, "आईला याची सवय तर लागणार नाही ना?" वेदनेच्या मापाने, डॉक्टरांच्या नजरेखाली घेतलेल्या मॉर्फिनचे व्यसन क्वचितच लागते, आणि आरंभीची गुंगी व मळमळ बहुधा काही दिवसांत ओसरते, हे त्यांनी त्याला शांतपणे समजावले. या भीतीपायी कित्येक घरांत औषधाची बाटली कपाटात पडून राहते आणि माणूस खाटेवर तडफडतो, याचे मला आजही अतोनात दुःख होते.

१९६७ साली लंडनला सेंट क्रिस्टोफर हे शुश्रूषागृह उघडणाऱ्या सिसिली सॉण्डर्स यांनी समग्र वेदनेचा, म्हणजे शरीराच्या दुखण्याबरोबर मनाची व घरसंसाराची वेदनाही जमेस धरण्याचा विचार मांडला, तो मला अक्काजवळ बसून उमगला. मुलांनी तिच्यापासून आजार लपविला होता. डॉक्टरीणबाईंनी तिलाच विचारले, "मावशी, तुमच्या दुखण्याबद्दल तुम्हांला काय वाटतं?" अक्का म्हणाली, "मला सगळं ठाऊक आहे हो. पोरं बोलत नाहीत, म्हणून मीही बोलत नाही." विहिरीलगतचा जमिनीचा तुकडा धाकट्या लेकीच्या नावे करावा, ही चिंता तिला हाडांच्या दुखण्याइतकीच पोखरत होती; दुखणे आवरल्यावर ती गाडीत बसून दुय्यम निबंधकांच्या कचेरीत गेली आणि मृत्युपत्राची नोंद करून आली.

म्हणून गंभीर व्याधीचे निदान होईल त्याच वेळी, मग ती कर्करोगाची असो वा हृदयाची, मूत्रपिंडाची, फुप्फुसांची असो, मूळ उपचारांच्या जोडीने उपशामक शुश्रूषा मागून घ्यावी. बोस्टन येथे फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांवर झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांना ती आरंभापासून मिळाली त्यांचे उरलेले दिवस अधिक सुसह्य तर झालेच, शिवाय ते अधिक काळ जगलेही. ही शुश्रूषा घरीही होऊ शकते. केरळात तर शेजारपाजारचे स्वयंसेवक परिचारिकांसमवेत रुग्णांच्या दारी जातात, आणि २००८ पासून तेथील सरकारचे या विषयाचे धोरण आहे. जेथे घर अपुरे पडते तेथे हॉस्पिसचा, म्हणजे अशा रुग्णांसाठीच्या शुश्रूषागृहाचा आसरा असतो; वांद्र्याचे शांती अवेदना सदन १९८६ पासून कर्करोगाच्या रुग्णांसाठी ते कार्य करीत आले आहे. रुग्णाला तेथे नेणे म्हणजे त्याला टाकून देणे नव्हे, हे नातलगांनी स्वतःला आणि टोमणे मारणाऱ्या भाऊबंदांनाही निक्षून सांगावे. उशाशी जागणाऱ्या सुनेला वा मुलीला रात्रीची झोप मिळावी, याचीही तजवीज करावी. ती कोसळली की रुग्णाची आबाळ होते.

राहता राहिला प्रश्न, अखेरच्या काळात कृत्रिम श्वासयंत्रासारखे उपाय करावेत की नाही, हा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने सज्ञान व्यक्तीला याविषयीची आपली इच्छा आगाऊ लिहून ठेवण्याची मुभा दिली, आणि २०२३ पासून दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी तो दस्तऐवज नोटरी वा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे करता येतो. आपल्या वतीने निर्णय कोणी घ्यावा त्यांची नावे त्यात घालावीत, त्यांना तसे तोंडी सांगावे, आणि एक प्रत घरच्या डॉक्टरांकडे द्यावी.