फोनमधला रिपोर्ट कागदावर, तोही उपकेंद्रातच



मागे एका गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब उरकला आणि गप्पा दवाखान्यावर गेल्या. एक ताई म्हणाल्या, "रिपोर्ट येतो मोबाइलवर, तालुक्याला गेलं की कागद मागतात. मग मी फाट्यावरच्या झेरॉक्सवाल्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते, दहा रुपये देते आणि प्रिंट घेते." मी विचारलं, "मग त्याच्या फोनमधला रिपोर्ट पुढे कोण पुसतं?" सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या.

गरोदरपणात नुसतं हिमोग्लोबिन आणि साखर बघत नाहीत. एचआयव्ही आणि सिफिलिसचीही तपासणी होते. एचआयव्हीबद्दल तर २०१७ चा कायदाच आहे, त्या व्यक्तीच्या संमतीशिवाय ही माहिती कुणाला सांगता येत नाही, मोजके अपवाद सोडून. आणि आपण तो कागद आपल्याच हाताने दुकानात पाठवतो!

गंमत म्हणजे त्याच गावच्या उपकेंद्रात वायफायचा नवा प्रिंटर खोक्यातच पडून होता. "कॉम्प्युटर नाही, तर जोडायचा कशाला?" असं सगळ्यांना वाटत होतं. कॉम्प्युटर लागतच नाही. सिस्टर, आशाताई आणि मी मिळून एका दुपारी तो चालू केला. ते कसं केलं ते सांगते, म्हणजे तुमच्या गावात असा प्रिंटर पडून असेल तर तुम्हालाही जमेल.

मूळ गोष्ट एकच: फोन आणि प्रिंटर दोघेही एकाच वायफायवर पाहिजेत. फोन मोबाइल डेटावर असेल तर प्रिंटर दिसणारच नाही. एचपी, एप्सन, कॅनन या कंपन्यांची आपापली अ‍ॅप आहेत. ज्या कंपनीचा प्रिंटर, तिचं अ‍ॅप फोनमध्ये घ्यायचं. ते लोकेशन आणि ब्लूटूथ मागतं, जवळचा प्रिंटर शोधायला ते लागतं, म्हणून तेवढ्यापुरतं चालू करा. मग अ‍ॅप विचारेल की प्रिंटर कोणत्या वायफायला जोडायचा. तिथे नाव निवडून पासवर्ड टाकायचा.

इथेच आमचा अर्धा तास गेला. राउटरची दोन नावं दिसत होती, एक साधं आणि एक शेवटी '५जी' लिहिलेलं. आशाताई म्हणाल्या, ५जी जोरात चालतं, तेच घेऊ. पण ही मोबाइलची ५जी नव्हे. राउटर दोन प्रकारच्या लहरी सोडतो, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ, आणि बऱ्याच साध्या प्रिंटरना फक्त २.४ कळतात. साधं नाव निवडलं आणि लगेच जोडला गेला. हॉटस्पॉटवर जोडत असाल तर हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्येही २.४ निवडा.

आता फोनमध्ये. सेटिंग उघडा, वर शोधायच्या जागेत 'प्रिंट' लिहा, आणि प्रिंट सर्व्हिस बंद असेल तर चालू करा. प्रत्येक फोनचा मेनू वेगळा असतो, म्हणून शोधूनच जा. मग रिपोर्टची पीडीएफ उघडा, कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवर दाबा आणि 'प्रिंट' निवडा. तिथे नसेल तर 'शेअर'मध्ये बघा. कागदाचा आकार ए४ आहे ना ते तपासा, कधीकधी तिथे 'लेटर' असतं आणि कडेचे आकडे कापले जातात. रक्ताच्या रिपोर्टला काळी शाई पुरते.

आता माझी चूक सांगते. सगळं जमलं म्हणून मी ऐटीत एका ताईचा रिपोर्ट प्रिंटला टाकला. तिची परवानगी घेतली होती. फोनवर 'झालं' असं आलं, पण आमच्या प्रिंटरमधून कागदच येईना. पुन्हा दाबलं, पुन्हा काही नाही. पाच मिनिटांनी शेजारच्या ग्रामपंचायतीतून शिपाई दोन कागद घेऊन आला, "हे तुमचं आहे का?"

वायफाय दोन्ही इमारतींना एकच होतं. फोनवर दोन प्रिंटर दिसत होते आणि मी वरचा निवडला होता. शिपाईकाकांनी कागद पालथा धरून आणला होता, ती त्यांची माणुसकी. पण तिथे त्या वेळी दाखल्यासाठी चार जणं बसली होती. त्या ताई मला काही बोलल्या नाहीत. मी माफी मागितली, तरी दिवसभर मनातून गेलं नाही.

म्हणून त्याच दिवशी आम्ही दोन गोष्टी केल्या. अ‍ॅपमधून प्रिंटरचं नाव बदलून त्यात उपकेंद्राचं नाव घातलं, म्हणजे यादीत तो ओळखू येतो. आणि 'वायफाय डायरेक्ट' वापरायला शिकलो. यात प्रिंटर स्वतःचंच छोटं वायफाय सोडतो, राउटर लागत नाही. फोनच्या वायफायच्या यादीत त्याचं नाव बहुतेक 'डायरेक्ट' या शब्दाने सुरू होतं. पासवर्ड प्रिंटरच्या माहितीच्या पानावर छापून मिळतो, त्याचं बटण कोणतं ते पुस्तिकेत दिलेलं असतं. जोडल्यावर फोन म्हणतो, 'इंटरनेट नाही, तरी जोडलेले ठेवायचे का?' हो म्हणा. पण रिपोर्ट त्याआधीच फोनमध्ये डाउनलोड करून ठेवा, नाहीतर उघडणार नाही. पंचायतीचा प्रिंटर आता यादीत येतच नाही. नेट गेलेलं असलं तरी प्रिंट निघते. काही मॉडेल मात्र इंटरनेटशिवाय चालतच नाहीत, तेव्हा नवीन घ्यायचा ठराव करत असाल तर दुकानदाराला आधी हे विचारा. आणि लेसर प्रिंटर घेतला तर तो छोट्या इन्व्हर्टरवर लावू नका, गरम होताना तो फार वीज ओढतो. शाईच्या टाकीवाला असेल तर आठवड्यातून एक रंगीत पान काढत जा, नाहीतर शाई वाळून बसते.

कागद संपला तर प्रिंट, प्रिंट, प्रिंट दाबत बसू नका. ती सगळी पानं रांगेत थांबतात, आणि दुपारी कुणीतरी कागद भरला की त्याच्यासमोर बाहेर पडतात. फोनच्या नोटिफिकेशनमध्ये थांबलेलं काम दिसतं, ते तिथूनच रद्द करा. ताईला कागद दिला की तिच्यासमोरच आपल्या फोनमधली पीडीएफ पुसा, व्हॉट्सअ‍ॅपमधली आणि डाउनलोडमधली, दोन्हीकडची.

पासवर्ड कुणाकडे ठेवायचा यावर ग्रामसंघात बरीच वादावादी झाली. काही जणी म्हणाल्या, सगळ्यांनाच द्या, सोय होईल. मला ते पटलं नाही. शेवटी सिस्टर आणि आशाताई, दोघींकडेच ठेवायचं ठरलं. कुलूप लावण्याआधी ट्रे बघायचं कामही त्यांच्याकडेच. पहिल्याच आठवड्यात ट्रेमध्ये एक कागद सापडला. बघितलं तर कुणाच्या तरी मुलाचं बारावीचं हॉल तिकीट! दुसऱ्या दिवशी सिस्टरनी पासवर्ड बदलला, आणि हॉल तिकीट न बोलता त्याच्या आईकडे पोचवलं.