मिसाबंदीच्या घरात शिकलेलं

२५ जून १९७५च्या रात्री आणीबाणी लागू झाली आणि काही दिवसांतच ह्यांना ‘मिसा’ या अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली पकडून येरवड्याच्या तुरुंगात नेलं. खटला नाही, आरोपपत्र नाही, सुटकेची तारीख नाही. २१ मार्च १९७७ला आणीबाणी उठली. मधल्या काळात मन ताळ्यावर ठेवायला जे उपयोगी पडलं, ते लिहिते आहे.

१. भीतीचं पूर्ण वाक्य लिहावं. रात्री छातीत धडधडायचं आणि डोक्यात एवढंच फिरायचं, ‘आता कसं होणार?’ एकदा उठून मुलाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलं, ‘पगार बंद झाला तर भाडं थकेल.’ लिहिल्यावर त्याला उत्तर सुचलं : पाटल्या मोडायच्या, घरी शिकवण्या घ्यायच्या. खाली दुसरं वाक्य आलं, ‘हे सुटलेच नाहीत तर?’ त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते तसंच ठेवून वही मिटली. हाताशी असलेलं आणि नसलेलं असं वेगळं झालं, की झोप लागायची. पुढे कि. मो. फडके यांच्या मराठी लेखनातून मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ विचारपद्धती कळली, तेव्हा त्या वहीची आठवण झाली.

२. आशेला तारीख लावू नये. ‘पंधरा ऑगस्टला सोडणार’, ‘दिवाळी घरीच’ असं कुणी ना कुणी सांगत असे. बऱ्याच उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांच्या बाजूने कौल दिला, तेव्हा सगळ्याच घरांत उमेद आली. मग २८ एप्रिल १९७६ला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी सांगितलं, की आणीबाणीत अटकेविरुद्ध दादच मागता येणार नाही. न्यायमूर्ती एच. आर. खन्ना एकटे विरोधात उभे राहिले. त्यांच्याविषयीचा आदर आजही तसाच आहे. त्या दिवशी मी पोटभर रडले. संध्याकाळी शिकवणीची मुलं आली, त्यांना त्रैराशिक शिकवलं. सगळा जीव त्या निकालावर टांगला असता, तर ते जमलं नसतं.

३. बातमी दिवसातून एकदाच. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर, त्यामुळे अफवांना ऊत आलेला. रात्री बीबीसी ऐकायची, रेडिओ बंद करायचा.

४. धीराचं सोंग आणू नये. भेटीत रडायचं नाही, असं सगळे बजावायचे. मला ते पटलं नाही. पोलीस शेजारी बसलेला असतानाच मी ह्यांना म्हटलं, “मला भीती वाटते हो.” हे म्हणाले, “मलाही.” त्यानंतर आम्हाला मुलाच्या फीबद्दल, सासूबाईंच्या दम्याबद्दल सरळ बोलता आलं.

५. जे वाकले, त्यांचा हिशेब मांडू नये. माफीपत्र देऊन सुटलेल्यांवर काही बायका आग पाखडत. कुणाच्या घरी काय जळत होतं, हे आपल्याला दिसत नाही. त्या रागात जाणारं बळ मला घरासाठी हवं होतं.

६. माणसं धरून ठेवावीत. ओळखीचे लोक आम्हाला पाहून रस्ता बदलत, तेव्हा शेजारच्या काकू उघडपणे येऊन आमचं दळण घेऊन जात. आपल्या आसपास कुणाच्या घरावर अशी वेळ आली, तर ‘कधी सुटणार?’ असं विचारू नका. जा, आणि दळण कुठे ठेवलंय ते विचारा.