कमजोर कडीचा हिशेब

तिजारत करणाऱ्याला मालाची पारख हवी, हे आपण सारेच जाणतो. परंतु पारख म्हणजे केवळ हाताचा अंदाज नव्हे. तिचाही हिशेब मांडता येतो. ज्या इंजिनियरने हा हिशेब करण्यात उभे आयुष्य घालवले, त्याच्याकडून व्यापारी व कारीगर बंधूंनी काय घ्यावे, ते आज पाहू.

वालोदी वायबुल यांचा जन्म १८८७ साली स्वीडनमध्ये झाला. पुढे ते स्टॉकहोमच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत प्राध्यापक झाले आणि कारखान्यांनाही सल्ला देऊ लागले. एकाच पोलादाचे, एकाच साच्यातले दहा भाग सारखेच टिकत का नाहीत, हा त्यांचा सवाल होता.

१९३९ साली त्यांनी उत्तर मांडले. वस्तू ही साखळीसारखी असते. सर्वांत कमजोर कडी तुटली की साखळी तुटली. हीच गोष्ट आम्ही सुतावर लावून पाहतो. समजा, ठराविक ताणाला फूटभर सूत तुटण्याची शक्यता शंभरात एक आहे. ऐकायला माल उत्तम! पण त्याच ताणाला शंभर फूट सूत अखंड राहण्याची शक्यता सुमारे ३७ टक्केच उरते. म्हणून हातभर तुकडा ओढून पाहिला म्हणजे सूत तपासले, असे होत नाही.

१९५१ साली त्यांनी आपले सूत्र अमेरिकेतील यांत्रिक इंजिनियरांच्या संस्थेच्या नियतकालिकात छापले. सोबत सात उदाहरणे दिली. त्यांत पोलाद होते, तसेच हिंदुस्थानी कापसाच्या तंतूची मजबुतीही होती. आपले सूत्र प्रत्येक ठिकाणी लागू पडेलच, असा दावा मात्र त्यांनी केला नाही. आज यंत्रांचे सुटे भाग किती टिकतील, हे ठरवताना जगभर हे सूत्र वापरतात.

यातून आपल्या कामाच्या तीन गोष्टी निघतात.

पहिली, सरासरीवर विसंबू नये. एका सुताचे तीन नमुने ९, १०, ११ वजनाला तुटले. दुसऱ्याचे ४, १०, १६ ला. सरासरी दोन्हींची १०. पण लूमवर दुसरे सूत कारीगराचा दिवस वाया घालवील. नमुने अनेक घ्यावेत, गाठीच्या वरून, मधून व तळातून घ्यावेत, आणि नजर सर्वांत कमजोर नमुन्यावर ठेवावी.

दुसरी, माल कधी बिघडतो याची नोंद ठेवावी. नवा असतानाच जास्त बिघडत असेल, तर दोष बहुधा बनावटीत आहे. वापर वाढेल तसा बिघाड वाढत असेल, तर ती झीज आहे. भाग वेळेआधी बदलावा. नव्या-जुन्याचा फरक न राहता अधूनमधून बिघडत असेल, तर बाहेरचे कारण शोधावे. बिघाड ओळखल्याविना केलेली दुरुस्ती म्हणजे पैशाचा नाश.

तिसरी, वचन बेताने द्यावे. बॉल बेअरिंगचे आयुष्य सांगताना शंभरातील ९० नग जेवढे फिरतील, तेवढाच आकडा धरण्याचा रिवाज आहे. सरासरी आयुष्य त्याहून बरेच जास्त असते, तरी ते सांगत नाहीत. आपणही गिऱ्हाइकाला सर्वांत चांगल्या नगाचा हवाला देऊ नये. जिथे ब्रेकची तार, शिडी किंवा माल उचलण्याचा दोर विकला जातो, तिथे शंभरातले ९०ही पुरेसे नाहीत. तिथे कुणाचा तरी जीव लटकलेला असतो.

वायबुल १९७९ साली वारले. त्यांनी जे गणिताने सांगितले, त्याचा अखलाक आपल्याकडे आधीपासून आहे. बाजारातल्या ढिगात हात घालून हुजूर (स.) यांनी आतले ओले धान्य वर काढायला सांगितले होते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. वरचा तागा दाखवून गाठ विकणे आणि वरचे कोरडे धान्य दाखवणे, यांत फरक काय? या आठवड्यात प्रत्येकाने आपल्या दुकानातील एका मालाचे दहा नमुने तपासावेत व वहीत लिहावेत. कमजोर कडी गिऱ्हाइकाच्या हाती तुटण्यापूर्वी आपल्या हाती तुटली, तर त्यातच तिजारतीची बरकत आहे.