डीएसएलआर कॅमेरा घेताना : पैसे किती, आणि कशावर?



दहावी-बारावीचे निकाल लागले की दोन-चार पालक हमखास माझ्या खोलीत येतात. मुलाला किंवा मुलीला फोटोग्राफीचा छंद लागलेला असतो, बक्षीस म्हणून कॅमेरा हवा असतो, आणि दुकानदाराने सांगितलेला आकडा ऐकून वडिलांचा चेहरा उतरलेला असतो. "सर, एवढे पैसे घालावेत का?" हा त्यांचा प्रश्न. त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हा लेख.

आधी आमचीच एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी शाळेसाठी डीएसएलआर कॅमेरा घेतला. दुकानात आम्ही एकच प्रश्न विचारला, "सगळ्यात जास्त मेगापिक्सेल कशात आहेत?" तोच कॅमेरा, सोबत मिळणाऱ्या साध्या लेन्ससह, घेऊन आलो. पुढच्याच महिन्यात आमच्या एका ज्येष्ठ गुरुजींचा निवृत्ती समारंभ झाला. सभागृहात ट्यूबलाइटचा उजेड. शाल पांघरतानाचा, नारळ देतानाचा, विद्यार्थिनी पाया पडतानाचा, असे शंभराच्या वर फोटो काढले. संगणकावर उघडले तेव्हा भिंतीवरचे घड्याळ स्पष्ट, स्टेजवरचा पडदा स्पष्ट, आणि गुरुजींचा चेहरा हललेला. दोन वर्षांनी गुरुजी गेले. त्यांचा मुलगा शाळेत आला आणि म्हणाला, "त्या दिवसाचा बाबांचा एखादा चांगला फोटो असेल तर द्या." देण्यासारखा एकही नव्हता.

कॅमेरा खराब नव्हता. आजही तोच शाळेत चालू आहे आणि उत्तम फोटो देतो. आमचा प्रश्न चुकीचा होता. बरोबर प्रश्न कोणते, ते आता क्रमाने पाहू.

१. डीएसएलआर म्हणजे काय?

या कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे ४५ अंशांत एक आरसा बसवलेला असतो. लेन्समधून आलेला प्रकाश आरशावर आपटून वर जातो, तिथून परावर्तित होत डोळा लावायच्या खिडकीत येतो. म्हणजे लेन्सला दिसते तेच आपल्याला दिसते. बटण दाबले की आरसा वर उचलला जातो, शटर उघडते आणि प्रकाश मागच्या सेन्सरवर पडतो. 'खटॅक्' हा आवाज येतो तो आरसा आणि शटर यांचा.

दोन गोष्टींमुळे हा कॅमेरा उपयोगी ठरतो. एक, लेन्स बदलता येते. दोन, सेन्सर मोठा असतो. निकॉनच्या सर्वसाधारण डीएसएलआरचा सेन्सर सुमारे २३.५ × १५.६ मिलिमीटर असतो. खिशात मावणाऱ्या साध्या डिजिटल कॅमेऱ्याचा सुमारे ६.२ × ४.६ मिलिमीटर. दोन्ही क्षेत्रफळे काढून पाहा, तेरापटीच्या आसपास फरक येईल. पाऊस पडत असताना अंगणात वाटी ठेवली आणि परात ठेवली, तर जास्त पाणी परातीत जमेल. प्रकाशाचेही तसेच आहे.

२. गरज आहे का?

हा प्रश्न कोणताच दुकानदार विचारणार नाही, म्हणून घरी विचारावा. दिवसाच्या उजेडात, सहलीला, घरच्या वाढदिवसाला आजचा चांगला मोबाईल पुरेसा आहे. मूल मोबाईलवरच सहा महिने नेमाने फोटो काढत असेल, काढलेले पुन्हा पाहून त्यातले वाईट स्वतः पुसत असेल, आणि "इथे मोबाईल कमी पडतो" हे उदाहरणासह सांगू शकत असेल, तरच पुढे जावे. सिरपूर तलावावरचा पक्षी ठिपक्याएवढा येतो, संमेलनातले नृत्य हलते, ही खरी कारणे आहेत. "मित्राकडे आहे" हे कारण नव्हे.

३. मेगापिक्सेलचा हिशोब

दहावीच्या विद्यार्थ्यांनी हा हिशोब वहीत करावा. २००६ साली आलेल्या निकॉन डी४० मध्ये ६ मेगापिक्सेल होते, म्हणजे रुंदीत सुमारे ३००० आणि उंचीत २००० ठिपके. चांगल्या छपाईला इंचाला ३०० ठिपके लागतात असे धरले, तर १० इंच रुंद आणि साडेसहा इंचांहून थोडा उंच फोटो निघतो. आता २४ मेगापिक्सेल घ्या, म्हणजे ६००० × ४०००. फोटो २० इंच रुंद होईल. मेगापिक्सेल चौपट झाले तेव्हा रुंदी फक्त दुप्पट झाली.

आपल्यापैकी किती जण २० इंचांचा फोटो भिंतीवर लावतात? गेल्या दहा-बारा वर्षांतल्या बहुतेक डीएसएलआरमध्ये १८ ते २४ मेगापिक्सेल आहेत आणि ते छंदाला भरपूर आहेत. या आकड्यावर एक रुपयाही जादा देऊ नये.

४. पैसे लेन्सवर घाला

आमची चूक नेमकी इथे झाली होती. कॅमेऱ्यासोबत साधारणपणे १८-५५ मिलिमीटरची झूम लेन्स येते. झूम पूर्ण केले की तिचे छिद्र जास्तीत जास्त एफ/५.६ इतकेच उघडते. याउलट ५० मिलिमीटरची एक झूम नसलेली लेन्स मिळते, जी एफ/१.८ पर्यंत उघडते.

या एफ-आकड्याचा अर्थ सोपा आहे. लेन्सच्या मिलिमीटरला एफ-आकड्याने भागले की छिद्राचा व्यास मिळतो. ५० ला ५.६ ने भागा, सुमारे ९ मिलिमीटर. ५० ला १.८ ने भागा, सुमारे २८ मिलिमीटर. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून दुसऱ्या छिद्रातून जवळजवळ दहापट प्रकाश आत येतो.

आमच्या सभागृहात पहिल्या लेन्सने शटर १/१५ सेकंद उघडे राहत होते. तेवढ्या वेळात शाल घालणाऱ्याचा हात हलतो, गुरुजींची मान वळते. दहापट प्रकाश मिळाला असता तर १/१५० सेकंदाच्या जवळपास काम झाले असते आणि चेहरा जागच्या जागी थांबला असता. लेन्सवर कंप रोखणारी सोय होती, पण ती आपल्या हाताचा कंप रोखते, समोरच्या माणसाचे हलणे नाही. म्हणूनच घड्याळ स्पष्ट आले. आयएसओ वाढवला असता तर थोडे सावरले असते, परंतु तो फार वाढवला की फोटोत दाणे दिसू लागतात.

नंतर आम्ही ५० मिलिमीटरची लेन्स घेतली. कॅनन आणि निकॉन दोघांचीही ही लेन्स त्यांच्या सर्वांत स्वस्त लेन्सपैकी आहे. पुढच्या दोन-तीन रांगांतून स्टेजवरच्या व्यक्तीचा फोटो काढायला ती अगदी योग्य पडते.

निकॉन घेणाऱ्यांसाठी एक सूचना. डी३००० आणि डी५००० या मालिकांतील कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते, ती लेन्समध्ये असावी लागते. म्हणून लेन्सवर 'एएफ-एस' लिहिलेले आहे का ते पाहावे. नुसते 'एएफ' लिहिलेली जुनी लेन्स स्वस्त मिळाली तरी फोकस हाताने करावा लागेल. कॅननच्या ईएफ लेन्समध्ये मोटर आतच असते, तिथे ही अडचण नाही.

५. नवा की वापरलेला?

२०१८ साली कॅनन आणि निकॉन या दोन्ही कंपन्यांनी मोठ्या सेन्सरचे, आरसा नसलेले, म्हणजे 'मिररलेस' कॅमेऱ्यांचे नवे घराणे सुरू केले. २०२० नंतर दोघांपैकी एकानेही नवा डीएसएलआर काढलेला नाही. व्यावसायिक फोटोग्राफर मिररलेसकडे वळले आणि त्यांचे जुने कॅमेरे बाजारात आले. हौशी माणसासाठी ही संधी आहे. कॅनन २००डी, निकॉन डी५३००, डी५६०० किंवा डी७२०० यांसारखे कॅमेरे वापरलेले मिळतात आणि शिकण्यासाठी त्यांत काहीही कमी नाही.

"पण उद्या हे बंदच पडले तर?" अशी शंका पालक काढतात. बॉडी कधीतरी जुनी होणारच. लेन्स मात्र वाया जात नाही. कॅननच्या ईएफ आणि निकॉनच्या एएफ-एस लेन्स अ‍ॅडॅप्टर लावून त्याच कंपनीच्या नव्या मिररलेसवर फोकससह चालतात. दागिना मोडला तरी सोने राहते, तसेच हे आहे.

६. वापरलेला कॅमेरा तपासण्याची रीत

घाई करू नये, आगाऊ पैसे देऊ नयेत, आणि दिवसाच्या उजेडात पाहावे.

(अ) मूळ बिल मागावे. बिलावरचा क्रमांक कॅमेऱ्याच्या तळाशी असलेल्या क्रमांकाशी जुळला पाहिजे. बिल नसेल आणि भाव फारच कमी असेल तर नमस्कार करून परतावे.

(आ) शटर किती वेळा उडाले ते विचारावे. साध्या निकॉन मॉडेलचे शटर १ लाख वेळांसाठी तपासलेले असते. हा आकडा निकॉनच्या फोटोच्या फाइलमध्येच नोंदलेला असतो. बहुतेक कॅननमध्ये मात्र कॅमेरा संगणकाला जोडून पाहावा लागतो. वीस-तीस हजार असेल तर चिंता नाही.

(इ) छिद्र एफ/१६ वर ठेवून मोकळ्या आकाशाचा फोटो घ्यावा. काळपट ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. ती साफ होते, पण तो खर्च भावातून कमी करून घ्यावा.

(ई) लेन्स काढून तिच्यातून टॉर्चचा उजेड पाहावा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे. अशी लेन्स फुकट दिली तरी घेऊ नये.

(उ) वर्तमानपत्र टेबलावर पसरून तिरक्या कोनातून एका ओळीवर फोकस करावा. तीच ओळ सर्वांत स्पष्ट आली पाहिजे.

(ऊ) फ्लॅश, सर्व बटणे, कार्डाचा कप्पा, चार्जर आणि बॅटरी पाहावी. बॅटरी फुगलेली नसावी.

(ए) शक्यतो परत करण्याची मुदत लिहून देणाऱ्या दुकानातूनच घ्यावा.

७. पैशांची वाटणी

समजा घरातून एकूण ३०,००० रुपये मंजूर झाले. सगळे कॅमेऱ्यावर उडवू नयेत. सुमारे २०,००० मध्ये वापरलेली बॉडी आणि सोबतची झूम लेन्स, ६,००० मध्ये वापरलेली ५० मिलिमीटरची लेन्स, २,००० मध्ये कार्ड, पिशवी आणि धूळ उडवण्याचा रबरी फुगा बसवावा, आणि उरलेले २,००० फोटो छापून घेण्यासाठी बाजूला ठेवावेत. भाव शहरागणिक आणि दुकानागणिक बदलतील, परंतु ही वाटणी लक्षात ठेवावी. छापलेला फोटो हातात धरल्याशिवाय चूक कळत नाही, म्हणून शेवटच्या रकमेला कात्री लावू नये.

पावसाळ्यात कॅमेरा कपाटात कपड्यांमध्ये किंवा चामडी पिशवीत ठेवू नये, बुरशी तिथेच धरते. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा. निळ्या रंगाचे जेल गुलाबी झाले की ते बदलावे किंवा तापवून वाळवावे. आणि आठवड्यातून एकदा तरी कॅमेरा बाहेर काढून वापरावा.

८. शेवटी एक आठवण आपल्याच गावची

लाला दीनदयाळ हे १८६६ साली इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नकाशे आणि अंदाजपत्रके करण्याच्या नोकरीला लागले. १८७४ च्या सुमारास, नोकरी सांभाळून, त्यांनी छंद म्हणून कॅमेरा हातात घेतला. हिंदीत ज्याला आपण 'शौकिया' म्हणतो, तसे ते होते. ज्यांच्या नावाचे डेली कॉलेज आजही इंदुरात आहे, त्या सर हेन्री डेली यांनी त्यांना उत्तेजन दिले. पुढे मध्य भारतातील प्राचीन वास्तूंची त्यांनी काढलेली छायाचित्रे गाजली, ते हैदराबादच्या निजामांचे छायाचित्रकार झाले आणि 'राजा दीनदयाळ' म्हणून ओळखले गेले. जड लाकडी कॅमेरा आणि काचेच्या पट्ट्या घेऊन ते फिरत. एक काच म्हणजे एक फोटो. त्यामुळे उजेड नीट पाहिल्याशिवाय ती वाया घालवणे परवडत नसे.

आपल्या कार्डावर हजार फोटो मावतात, म्हणून आपण उजेडाकडे पाहत नाही. त्या समारंभात आम्ही शंभराच्या वर फोटो काढले आणि गुरुजींच्या मुलाला एकही देऊ शकलो नाही. कॅमेरा स्वस्तातला घ्या, वापरलेला घ्या, पण आपल्या माणसांचे फोटो वेळेवर आणि नीट काढा. ते क्षण पुन्हा मिळत नाहीत.

स्वाध्याय

१. एफ/५.६ वर शटर १/१५ सेकंद लागते. त्याच उजेडात एफ/२.८ वर किती लागेल? (सूचना : व्यास दुप्पट झाला, क्षेत्रफळ किती पट?)

२. १८ मेगापिक्सेलचा फोटो ५१८४ × ३४५६ ठिपक्यांचा आहे. इंचाला ३०० ठिपके धरून तो किती रुंद छापता येईल?

३. घरातील आजी किंवा आजोबांचा एक फोटो सकाळी खिडकीपाशी आणि एक रात्री ट्यूबलाइटखाली, दोन्ही मोबाईलवर, काढा. दोन्हींतील चेहरा आणि हात मोठे करून पाहा. काय फरक दिसला ते पाच ओळींत लिहून वर्गशिक्षकांकडे द्या. सकाळचा फोटो मात्र छापून घरी लावा.