निर्मळ पाण्यातील अदृश्य विष

पाणी गाळावे, उकळावे आणि मगच प्यावे, हे आपण विद्यार्थ्यांना नित्य सांगतो. रोगजंतूंच्या बाबतीत हा उपदेश योग्यच आहे. परंतु पाण्यात विरघळलेली जड धातूंची द्रव्ये गाळल्याने वा उकळल्याने नाहीशी होत नाहीत, ही गोष्ट सांगावयाची बहुधा राहून जाते. वरच्या इयत्तांना पाण्याचा पाठ शिकविताना ही उणीव भरून काढण्यास पुढील हकीकत उपयोगी पडेल.

जपानमधील तोयामा प्रांतातून जिंझू नावाची नदी वाहते. तिच्या पाण्यावर तेथील शेतकरी भात पिकवीत आणि तेच पाणी पीत. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ साली, डॉ. नोबोरू हागिनो हे तेथे आपल्या घरच्या रुग्णालयात काम करू लागले. त्यांच्याकडे एका विचित्र रोगाने पीडलेल्या स्त्रिया येत. बहुतेक मध्यम वयाच्या किंवा वृद्ध, आणि अनेक मुलांच्या माता. त्यांची हाडे इतकी ठिसूळ झालेली असत की, नुसत्या खोकल्यानेही मोडत. वेदना असह्य होऊन त्या ‘इताई, इताई’ असे कण्हत. ‘इताई’ म्हणजे ‘दुखते’. रोगासही तेच नाव पडले. अतिश्रम व निकृष्ट आहार यांमुळे हा रोग होतो, असा तर्क त्या वेळी केला जाई.

डॉ. हागिनो यांनी एक साधी गोष्ट केली. नकाशा घेऊन त्यावर प्रत्येक रुग्णाच्या घराची खूण केली. सर्व खुणा जिंझूचे पाणी मिळणाऱ्या भागातच पडल्या. दुसऱ्या नद्यांच्या पाण्यावर जगणाऱ्या शेजारच्या गावांतील स्त्रियाही तितक्याच राबत होत्या. पण तेथे हा रोग नव्हता. मग दोष श्रमाचा कसा? नदीच्या वरच्या अंगास कामिओका येथे जस्त व शिसे यांची खाण होती. तिचे सांडपाणी नदीत येई. खाणीतील विषारी द्रव्य हेच रोगाचे कारण होय, असे मत त्यांनी १९५७ साली मांडले. त्यांची हेटाळणी झाली. तथापि ते डगमगले नाहीत. ओकायामा विद्यापीठाचे रसायनशास्त्रज्ञ जुन कोबायाशी यांनी पृथक्करण केले, तेव्हा कॅडमियम हा धातू आढळला. १९६८ साली जपान सरकारने हे कारण मान्य केले, आणि १९७२ साली वरिष्ठ न्यायालयानेही रुग्णांच्या बाजूने निकाल दिला.

कॅडमियम नदीच्या गाळातून शेतात उतरले, मातीतून भाताच्या मुळांनी शोषले आणि अन्नावाटे मनुष्याच्या शरीरात गेले. ते मूत्रपिंडात वर्षानुवर्षे साचून राहते. मूत्रपिंड बिघडले म्हणजे हाडांना लागणारी द्रव्ये लघवीवाटे निघून जातात व हाडे मृदू होतात. धातू कुजत नाही, जळून नाहीसा होत नाही. म्हणूनच तेथील साडेआठशेहून अधिक हेक्टर जमीन पुन्हा शेतीयोग्य करण्यास तीस वर्षांहून अधिक काळ लागला. ते काम २०१२ साली पुरे झाले.

वर्गात करावयाचे प्रयोग :

१. पेलाभर पिण्याच्या पाण्यात चिमूटभर मीठ विरघळवावे. पाणी स्वच्छच दिसेल. ते फडक्यातून गाळावे. खारटपणा कायम राहील. त्यातील थोडे पाणी शिक्षकांनी स्वतः उकळून आटवावे. भांड्याच्या तळाशी मीठ उरलेले दिसेल. विरघळलेल्या धातूचेही असेच होते, हे सांगावे. त्याचबरोबर, अनोळखी पाण्याची चव कधीही घेऊ नये, अशी सक्त ताकीद द्यावी.

२. गावातील विहिरी, ओढे, तळी व पाट यांचा नकाशा मुलांकडून काढवून घ्यावा. कोणते पाणी कोठून येते व वाटेत त्यात काय मिसळते, याची नोंद त्यांनी करावी.

३. निकामी बॅटऱ्या ओढ्यात वा उकिरड्यावर का टाकू नयेत, यावर मुलांना बोलते करावे. काही बॅटऱ्यांत शिसे असते, काहींत कॅडमियम.

डॉ. हागिनो यांच्या शोधाचा आरंभ एका नकाशाने व एका प्रश्नाने झाला : ‘हा रोग येथेच का?’ असा प्रश्न विचारणाऱ्या मुलास आपण गप्प बसवू नये. उद्या त्याच्या गावाचे रक्षण कदाचित त्या प्रश्नानेच होईल.