बुजलेला खंदक कसा सापडतो?

एकदा खणलेली जमीन पुन्हा कितीही बुजवली, तरी ती पहिल्यासारखी होत नाही. पुराणवस्तु-संशोधकांचे निम्मे काम या साध्या गोष्टीवर चालते.

पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने तेथे उत्खनन केले. इ. स. पूर्व १६०० ते ७०० च्या सुमारास तेथे शेतकऱ्यांची वस्ती होती. वस्तीच्या रक्षणासाठी भिंत व खंदक होता. झोपड्यांचे लाकूड केव्हाच कुजून गेले होते. पण खांब रोवलेल्या खळग्यांत साचलेली माती भोवतालच्या मातीहून निराळी दिसली. त्या ठिपक्यांवरून झोपडी गोल होती की चौकोनी, हे समजले.

स्कॉटलंडमधील इंचटुथिल या रोमन लष्करी किल्ल्याची हकीकतही अशीच आहे. इ. स. ८० नंतर बांधलेला हा तळ रोमन सैन्याने काही वर्षांतच मोडून सोडला. १९५२ ते १९६५ मधील उत्खननात लाकडी बराकींच्या पायासाठी खणलेल्या चरांवरून त्यांचा नकाशा काढता आला. एका खड्ड्यात तर आठ लाखांहून अधिक लोखंडी खिळे पुरलेले निघाले!

न खणताही असा खंदक शोधता येतो काय? येथे भौतिकशास्त्र मदतीला येते. बुजलेल्या खंदकातील माती बहुधा अधिक ओल धरते. ओलीत क्षार विरघळलेले असल्याने तिच्यातून विद्युतप्रवाह सुलभतेने जातो. म्हणजे तिचा रोध कमी. दगडी भिंतीचा रोध मात्र जास्त. जमिनीत सळ्या रोवून ठरावीक अंतरावर रोध मोजत गेल्यास गाडलेल्या वास्तूची रूपरेषा कागदावर उमटते. इंग्लंडमध्ये १९४६ साली ॲटकिन्सन यांनी ही पद्धत पुरातत्त्वात वापरली.

आता आपल्या हिंगोलीकडे वळू. शेताची जमीन ती काळी आणि गावठाणाची ती पांढरी, हे आपण घरी ऐकतोच. जुन्या वस्तीची राख, शेण, पडलेल्या भिंती यांची ही पांढरी बनते. ती बांधकामासाठी खणून नेली, की मातीचे थर विसकटतात. खापर हाती उरते, पण ते कोणत्या थरातले, हे कायमचे पुसले जाते. कोणतेही उपकरण ते परत देऊ शकत नाही.

म्हणून पांढरीच्या कडेला कापलेला थर दिसला, तर काही उकरू नका. थरांचे रंग व जाडी वहीत नोंदवा, चित्र काढा आणि गुरुजींना दाखवा.